आंधळ्या डुकरिणीचा लळा

आमच्या थोरल्या जाऊबाई जनावराच्या तोंडाकडे कधी बघायच्या नाहीत. चारा टाकायचा तो मागून, डाव्या हातानं, मान वळवून. गोठ्यात शिरताना एक एप्रन, निघताना दुसरा, दुसऱ्या दिवशी तिसराच, म्हणजे कुठल्या गाईगुरानं वासावरून ओळख धरू नये. नाव ठेवणं तर सोडाच, "ती तांबडी" किंवा "तो मोडक्या शिंगाचा" एवढंसुद्धा त्या म्हणत नसत. "हे" आणि "ते", बस. वसाहतीतली सगळी जनावरं त्यांच्या हातून जन्मली, त्यांच्या हातून वाढली आणि त्यांच्याच हातून कापली गेली, पण त्यांतल्या एकालाही जाऊबाईंचा चेहरा कसा आहे ते ठाऊक नव्हतं. मला विचाराल तर तेवढ्यापुरती जनावरं सुखी होती. तो चेहरा उठल्या उठल्या बघणं सोपं काम नव्हतं.

आमची वसाहत डोंगराच्या पोटात आहे. दगडात कोरलेले बोळ, बोळांना खोल्या, खोल्यांना दारं. ती कुणाचा तरी खेळ आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. खेळणाऱ्याला आम्ही 'वरचा' म्हणतो. त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याच्या मनात काही आलं, की आमचा मुकादम जेवता जेवता ताठ उभा राहतो, डोळे पांढरे करतो आणि हुकूम बोलतो. बोलून झालं की खाली बसून उरलेला घास चावतो. वरचा विचारात पडला तर सगळंच थांबतं. उचललेला हातोडा वर, सांडलेलं पाणी अधांतरी, शिंक नाकात. मग कधीतरी पुन्हा सुरू होतं, आणि आम्ही समजतो की आता काहीतरी नवीन निघालं. थांबणं जितकं लांबलं, तितकी माणसं जास्त मरायची, असा आमचा अनुभव.

या वरच्याला जनावरांचा फार सोस. दुसरे कोणी किल्ले बांधत असतील, सोनं खणत असतील. आमच्याकडे प्रयोग चालायचे, आणि ते करायचे जाऊबाईंनी. त्यांचा गोठा आणि कत्तलखाना एकाच भिंतीला, आणि भिंतीच्या अलीकडे माझी कातडी कमवायची खोली. तिकडे जे मरे ते सोलून माझ्याकडे येई. त्यामुळे प्रयोग कसा झाला हे मला मुकादमाच्या आधी कळायचं.

पहिल्यांदा बदकं. हुकूम आला, एकही अंडं खायचं नाही, सगळी उबवायची. किती होतात ते बघायचं होतं म्हणे. झाली. गोठ्यात मावेनात म्हणून बोळात आली, बोळातून स्वयंपाकघरात, तिथून लोकांच्या अंथरुणात. पाऊल टाकायचं तर आधी बदकाला लाथ घालावी लागे. न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बदक फडफडलं आणि गिऱ्हाइकाचा कान गेला. तो कानही बदकानंच खाल्ला. मग एक दिवस सगळं थांबलं, सुरू झालं, आणि मुकादम उठून म्हणाला, "सगळी कापा. आजच." जाऊबाईंनी बाह्या वर केल्या. त्या दिवशी बोळात घोट्यापर्यंत रक्त होतं, आणि रक्तावर पिसं तरंगत होती. ते उतारानं जिन्याकडे गेलं. घाबरून पळणारी बदकं आणि त्यांना पकडणारी माणसं एकदमच त्या जिन्यावर आली, आणि त्या रेटारेटीत जाऊबाईंचा थोरला मुलगा खाली पडून चेंगरला. सुतारही पडला, डोक्यावर. तो तेव्हा दुसऱ्याच कुणासाठी शवपेटी करत होता, मापात बसला. जाऊबाईंना मुलाचं सांगायला मीच गेले. त्यांनी हातातलं बदक कापून पूर्ण केलं, सुरा पुसला आणि मग खाली बसल्या. त्या मुलाला बघायला उठल्या तेव्हा सुरा तिथंच विसरल्या, एवढं मी पाहिलं. नंतर तसं काही कुणाला दिसलं नाही.

मग वरच्याच्या डोक्यात आलं की कापण्यात सुरे झिजतात, त्यापेक्षा मेंढरं उंचावरून टाकली तर आपोआप मरतील. डोंगराच्या माथ्यापासून तळापर्यंत विहिरीसारखं भोक पाडलं. वरून मेंढरू ढकलायचं, खाली मांस तयार. खरं सांगते, सुरुवातीला मला ते बरंच सोयीचं गेलं. हाडांचा चुरा व्हायचा, पण कातडं शाबूत. एकदा खाली झाडणारा झाडत असतानाच वरून मेंढरू आलं. झाडणाऱ्याचा लगदा झाला. मेंढरू मात्र त्याच्या अंगावर पडल्यामुळे वाचलं, उठलं, आणि त्याचा झाडू खायला लागलं. मुकादमानं वर कळवलं की खाली माणूस ठेवला तर मेंढरं वाचतात. हे कळवायचं त्याला काय नडलं होतं ते तोच जाणे. वरचा पुढे बरेच दिवस तेवढंच तपासत बसला.

आग्या घोरपडीची गोष्ट त्यानंतरची. खोल खाणीत एक घोरपड सापडली, श्वासाबरोबर जाळ फेकणारी. हुकूम आला, तिला गाईंच्या रांगेत बांधा, म्हणजे मांस भाजायला वेगळं सरपण नको.

"गाई जिवंतपणीच भाजतील की," जाऊबाई म्हणाल्या.

"बाई, हुकूम आहे," मुकादम म्हणाला.

भाजल्या. पेटलेली गाय कुठंही धावत नाही, ती वासराकडे धावते, आणि वासरं होती कडब्याच्या कोठाराशेजारी. कोठार गेलं असतं तर आम्ही सगळे आत गुदमरून मेलो असतो. जाऊबाई कुऱ्हाड घेऊन बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येईल त्या पेटत्या गाईच्या पुढच्या पायांवर घाव घालत गेल्या. गाय गुडघ्यांवर यायची, तिथंच जळायची, की पुढची. काम उरकून त्या माझ्या खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या भुवया नव्हत्या. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून म्हणाल्या, "आज कातडी नाहीत गं. सुट्टी घे."

आता लळ्याचा नियम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एखाद्या जनावराला एखाद्या माणसाचा लळा लागला, की ते जनावर त्या माणसाचं. मग त्याच्यावर सुरा चालत नाही. कुणाचाच. हात उचलला की उचललेलाच राहतो, खाली येत नाही. वरच्यानं हुकूम दिला तरी नाही. ज्यानं हा खेळ बनवला त्यानं तो नियम घातला असावा, आणि वरचा काय, नुसता खेळणारा. लळा लागलेलं जनावर आपल्या माणसाला कुणाला हात लावू देत नाही. इथपर्यंत छान आहे. पण ते जनावर मेलं की माणूस फिरतो. डोळ्यांत ओळख राहत नाही, आणि जो जवळ असेल त्याला तो हाताला लागेल त्या वस्तूनं मारत सुटतो.

आमच्या पाणक्याची मांजर मेंढरांच्या विहिरीत पडून मेली. त्यानं जेवणघरात चार माणसं मारली, पळीनं. पळीनं माणूस मारायचा म्हणजे किती वेळ मारावं लागत असेल, विचार करा. दोरखंडानं बांधला तर दोरखंड तोडले. शेवटी अवजारांच्या खोलीत कोंडला. आत गेल्यावर तो गोड बोलायला लागला. तहान लागली म्हणाला. मी आता बरा आहे म्हणाला. भावाला लहानपणच्या नावानं हाक मारली. भावानं कडी काढली, आणि पाणक्यानं दातांनी त्याचा गळा फोडला. तेव्हापासून ठरलं, की फिरलेल्याला कोंडायचं, दार उघडायचं नाही, आणि पहारेकऱ्यानं वरून भाला घालून त्याला ताबडतोब संपवायचं. या पहारेकऱ्यांचे नाईक म्हणजे आमचे थोरले भावजी, जाऊबाईंचे यजमान. पाणक्याला त्यांनीच संपवला. घरी येऊन जेवले नाहीत.

म्हणून जाऊबाई जनावराच्या तोंडाकडे बघत नसत. रोज ज्याला कापायचं त्याचा लळा लागून चालत नाही, हे कुणालाही पटेल. पण थोरला मुलगा गेल्यापासून त्यांनी तेच घरातही आणलं. एक मुलगी राहिली होती, हाडानं बारीक, तोंडानं चुरचुरीत, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. जाऊबाई तिला "ए" म्हणत. जेवण वाढून बाजूला सरकत. तिची वेणी मी घालायची. एकदा पोरीला सणसणून ताप आला, तर मी उशाशी आणि आई दारात उभी. मी चिडून म्हटलं, "आत या की, चावणार नाही ती."

"वरच्याला दिसतं," त्या म्हणाल्या.

"काय दिसतं?"

"आपला जीव कुठं आहे ते. मग तो तिथंच काहीतरी करून बघतो."

मला तेव्हा हे खूळ वाटलं. आई आहे का खाटीक, असं मी आमच्या ह्यांना म्हटलं देखील. ते म्हणाले, दोन्ही आहे, तू झोप.

मग तो लांबलेला थांबा आला. इतका वेळ सगळं थांबलेलं होतं की सुरू झालं तेव्हा माझ्या हातातलं कातडं वाळून कडक झाल्यासारखं मला वाटलं. मुकादम उठला. "पोरं मऊ निपजताहेत," तो म्हणाला. "दुधाचे दात पडलेलं प्रत्येक पोर डुकरांच्या खड्ड्यात सोडायचं. एक पाळीभर. वाचेल ते टणक होईल." आणि खाली बसून त्यानं कांदा फोडला.

ही डुकरं साधी नव्हेत. तळाच्या भुयारात आंधळी डुकरं मिळाली होती, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी, अंगावर केस नाही, सुळ्यांच्या दोन रांगा, आणि आकार बाजेएवढा. ती वासावर आणि पावलांच्या आवाजावर चालतात. गोठ्याखाली दोन पुरुष खोल खड्डा खणून त्यात दोन नर आणि एक म्हातारी डुकरीण ठेवली होती. खड्ड्याला तळाशी एक लोखंडी दार होतं, त्याच्या खाली चारा सरकवायची फट.

पहिलं पोर आचाऱ्याचं गेलं. ते वाचलं, पण एका हातावर, आणि बोलायचं थांबलं. मुकादम म्हणाला, टणक झालंय. दुसरं कुंभाराचं. त्याचं काय उरलं ते जाऊबाईंनी टोपलीत भरून त्याच्या आईला दिलं, वरून स्वच्छ फडकं घालून. त्या दिवशी परत येताना त्या माझ्या खोलीत थांबल्या आणि चिमणीला हाक मारून म्हणाल्या, "ए, तोंड उघड." पुढचा एक दात हलत होता.

त्या दिवसापासून पोरीला नुसती पेज. कडक काही चावू द्यायचं नाही, धावू द्यायचं नाही, कुणी हसवायचं नाही. एक दुधाचा दात जागच्या जागी राहावा म्हणून एवढी मोठी बाई, जिनं पेटत्या गाई आडव्या केल्या, ती पेज गाळत बसायची. हसू यायचं मला आणि रडूही. दात काही कुणाचं ऐकत नाही. तो पडायचा तेव्हा पडणार हे त्यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी दुसरीकडून तयारी धरली.

डुकरिणीला चिमणीचा लळा लावायचा.

लळा कसा लागतो हे जाऊबाईंइतकं कुणाला माहीत असणार? जन्मभर तो टाळायलाच तर त्या शिकल्या होत्या. आता सगळं उलट करायचं. चिमणीनं घातलेला, घामेजलेला झगा त्या घेऊन जात, हातांना कोपरापर्यंत गुंडाळत, आणि त्या हातांनी डुकरिणीला भरवत. चिमणीच्या केसांचं गुंतवळ चाऱ्यात मिसळत. नरांना दूर हाकलायला खांद्यावर कोयता असे. पहिल्या दिवशी डुकरिणीनं झग्यासकट करंगळी नेली. जाऊबाई हाताला फडकं बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेल्या.

मी म्हटलं, "जाऊबाई, पोरीलाच न्या ना सोबत. तिचा हात लागू दे, तिचा आवाज ऐकू दे."

"आणि चावली म्हणजे?"

"उद्या एकटीच तिथं सोडायची आहे तिला."

"ते उद्या," त्या म्हणाल्या. "आज नाही नेणार मी तिला तिथं."

मी पुष्कळ वाद घातला. एरवी कसलीही भीड न बाळगणारी बाई, या एका गोष्टीला तयार होईना. पोरीला खड्ड्याच्या काठावर नुसतं उभं करायचं म्हटलं तरी त्यांचे ओठ पांढरे पडत.

काही दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर चक्क हसू होतं. डुकरिणीवर त्यांनी सुरा उगारून पाहिला होता, आणि हात वरचा वर राहिला होता. लळा लागला. आता नर पोरीच्या अंगावर गेले तर डुकरीणच त्यांना फाडेल. माझ्या खोलीतल्या बाकावर बसून त्यांनी माझ्याकडे चहासारखं काहीतरी गरम मागितलं, जे त्या कधी मागत नसत, आणि कप दोन्ही हातांत धरून त्या किती वेळ तशाच बसून राहिल्या. मलाही बरं वाटलं. कुणाचा लळा, हे विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

दात पडला. मुकादम आला. जाऊबाईंनी पोरीला स्वतः कमरेला दोर बांधला, झगा सारखा केला आणि म्हणाल्या, "म्हाताऱ्या डुकरिणीजवळ जाऊन बस. ती काही करायची नाही." पोरीनं मान हलवली. तिच्या आईनं तिला इतकं लांब वाक्य बऱ्याच दिवसांत सांगितलं नव्हतं.

दोर खाली सोडला. काठावर आम्ही दोघी आणि मुकादम. पोर तळाला टेकली आणि भिंतीला धरून डुकरिणीकडे निघाली. तिची पावलं हलकी, मांजराची. नर दोन्हीकडून उठले. डुकरीण आपली पडून. नाकपुड्या हलल्या, झग्याचा वास आला असावा, पण तिनं डोकं उचललं नाही. एका नरानं पोरीला मुसंडी मारली. ती भिंतीवर आपटून खाली पडली. दुसऱ्यानं तिचा पाय धरला.

जाऊबाई काठावर एक पाऊल पुढे आल्या, आणि त्या पावलाच्या आवाजाबरोबर डुकरिणीनं मान ताठ केली. आंधळं तोंड वर करून ती काठाकडे वळली, शेपटी हलवत. त्यांच्याकडे. वास पोरीचा लावला होता, पण रोज चालत गेले होते ते पाय जाऊबाईंचे. जड टाच, थोडा ओढता उजवा पाय. आंधळ्या जनावरानं तेवढंच मनात धरलं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच म्हणाल्या, "चूक झाली." आणि सुरा काढून त्यांनी खाली उडी मारली.

पुढचं मी खालच्या दाराकडे जिना उतरत, धावत पाहिलं, झरोक्यांतून तुकड्यातुकड्यांनी. पोरीचा पाय धरलेल्या नराच्या पाठीवर त्या पडल्या आणि सुरा त्याच्या कानामागे मुठीपर्यंत घातला. तो मेला तरी जबडा सुटेना, म्हणून त्यांनी त्याचे सुळे दगडानं फोडले. तेवढ्यात दुसऱ्यानं मागून त्यांची मांडी फाडली. डुकरीण आली. मी एवढं वजन एवढ्या वेगानं कधी येताना पाहिलेलं नाही. तिनं नराचं पोट खालून उघडलं, आणि आतडी सांडत असतानाच त्यानं तिचा गळा धरला. दोघं तसेच पडले. नर आधी मेला.

मी अडसर काढून दार उघडलं. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीतून रक्त जात होतं, पण त्यांचे दोन्ही तळवे डुकरिणीच्या गळ्यावर दाबलेले होते. बोटांमधून रक्त उसळत होतं. डुकरिणीचं डोकं त्यांच्या पावलावर.

"हिला घे," त्या म्हणाल्या.

मी पोरीला उचलून बाहेर टाकलं.

"सुरा घे." डोक्यानंच त्यांनी जमिनीकडे दाखवलं. मी तो घेतला.

"आता दार लाव आणि अडसर घाल."

"जाऊबाई, तिचा श्वास चालू आहे अजून. तुम्ही बाहेर या, आपण काहीतरी—"

"किती चालू आहे ते मला कळतं. जन्मभर तेच बघितलं." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, गोठ्यातला. "ऐक. आतून मी काहीही म्हटलं तरी उघडायचं नाही. मी गोड बोलेन."

मी दार लावलं. रक्तानं माखलेल्या हातांतून अडसर दोनदा निसटला. फटीतून मला त्यांचे तळवे दिसत होते, दाबलेले, आणि मग ते सैल पडले.

पहिल्यांदा जी किंकाळी आली ती माणसाची नव्हती. मग दारावर धडका. लोखंड बाहेर वाकून यावं अशा धडका, फाटलेल्या मांडीनं. चिमणी माझ्या कमरेला मिठी मारून होती. मग धडका थांबल्या, आणि आतून हाक आली.

"बाळ."

पोरीची मिठी सुटली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं तो शब्द त्या आवाजात ऐकला होता.

"बाळ, लागलं का गं तुला? ये इकडे. परवा तू स्वयंपाकघरात पडलीस, गुडघा फुटला, मला कळलं होतं. मला फुंकर घालायची होती. तुझे केस किती छान आहेत, काकू घट्ट बांधते ते मला आवडत नाही, तुला दुखतं. ये, मी सोडते. तुला ताप होता तेव्हा मी रात्रभर दारात होते. दार उघड, सोन्या."

आणि हे सगळं म्हणताना दाराखालच्या फटीतून त्यांची बोटं बाहेर आलेली, नखं मोडलेली, फरशी खरवडत, पोरीचा पाय शोधत.

चिमणी फाटका पाय ओढत अडसराकडे झेपावली. मी तिला धरलं. तिनं माझ्या मनगटाचा असा लचका तोडला की आतलं पांढरं दिसलं. तरी मी सोडलं नाही.

"काकू, आई बोलतेय."

"ती आई नाही आता."

"मग कोण आहे?"

मी तिला आणखी घट्ट धरलं. पाणक्याचं गोड बोलणं खोटं होतं, पण या बाईच्या तोंडून येत होतं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तापाच्या दिवशी त्या दारात होत्या, मी स्वतः पाहिलं होतं. मला राग येत होता, की बाई, हे आधी बोलला असतात तर काय बिघडलं असतं.

बोटं पोचणार नाहीत एवढ्या अंतरावर मी पोरीला बसवलं आणि मागून धरून ठेवलं. मग चिमणी दारापलीकडे उत्तरं द्यायला लागली. गुडघा बरा झालाय म्हणाली. वेणी दुखत नाही म्हणाली. आपल्याला पेज आवडत नाही, हेही सांगितलं. आतून हसल्याचा आवाज आला, आणि बोटांनी फरशीवर आणखी एक रक्ताची रेघ ओढली.

भावजी भाला घेऊन आले. त्यांच्यामागे मुकादम, तोंडात घास. "पोर जिवंत," मुकादम डोळे फिरवून म्हणाला, "प्रयोग यशस्वी. पुढच्या खेपेला आयांनाही आत सोडा." मग डोळे जागेवर आणून भावजींना म्हणाला, "आणि हे आवरा. ताबडतोब, असं आहे."

खड्ड्याच्या काठाकडे जाणारा जिना तिथूनच वर जातो. भावजी पहिल्या पायरीवर चढले आणि थांबले. आतलं बोलणं त्यांना ऐकू आलं. ते भाला भिंतीला टेकवून पायरीवर बसले.

"नाईक, हुकूम आहे," मुकादम म्हणाला.

भावजींनी त्याच्याकडे बघितलंदेखील नाही. आत जाऊबाई पोरीला, ती पोटात होती तेव्हाचं काहीतरी सांगत होत्या, आणि पोर मधेमधे प्रश्न विचारत होती. मुकादमानं तोच हुकूम पुन्हा म्हटला. मग तिसऱ्यांदा, ओरडून. भावजी उठले, भाला घेतला, आणि पोरीजवळ वाकून त्यांनी विचारलं, "झालं का बोलून?"

"नाही," चिमणी म्हणाली.

भावजी परत जाऊन पायरीवर बसले.